उंच मुलीने चिअरलीडिंगच्या ट्रायआउटमध्ये कोणती जागा मागावी

तू लिहिले आहेस की आठवीपर्यंत तू ठाण्यात होतीस आणि नंतर ओहायोत शिकलीस, नऊ वर्षे भरतनाट्यम केलेस, जिम्नॅस्टिक्सच्या वर्गाला मात्र कधी गेली नाहीस, तुझी उंची पाच फूट सात इंच आहे आणि विद्यापीठाच्या ऑल-गर्ल, म्हणजे फक्त मुलींच्या, टीमचे ट्रायआउट (निवड-चाचणी) सहा आठवड्यांवर आले आहे. इतक्या उंच मुलीला घेतात का, तेवढ्या वेळात बॅक हँडस्प्रिंग (मागे उडी घेऊन हातांवरून उलटून पायांवर येणे) जमेल का आणि आई-बाबांना काय सांगायचे, असे तुझे तीन प्रश्न आहेत. मी मिडवेस्टमधल्या एका मोठ्या विद्यापीठाच्या टीममध्ये तीन वर्षे होते आणि नंतर काही वर्षे ट्रायआउटच्या दिवशी परीक्षकांच्या टेबलापाशीही बसले, त्यामुळे दोन्ही बाजूंनी जे पाहिले ते सांगते. तू मला ताई म्हटले आहेस, म्हणून मीही एकेरीतच लिहिते.

उंचीचा प्रश्न आधी घेते, कारण त्या एका गैरसमजामुळे अनेक चांगल्या मुली फॉर्मच भरत नाहीत. टीव्हीवर कॅमेरा वर उचललेल्या मुलीवर, म्हणजे फ्लायरवर असतो आणि पाहणाऱ्याला वाटते की चिअरलीडर म्हणजे तीच. प्रत्यक्षात ऑल-गर्ल टीमच्या एका स्टंटमध्ये, म्हणजे एकीला वर उचलून धरण्याच्या कसरतीत, बहुधा चौघी असतात: वर फ्लायर, खाली समोरासमोर उभ्या असलेल्या दोन बेस आणि मागे बॅक स्पॉट. ही मागची मुलगी उंचच लागते, कारण स्टंट डोक्याच्या वर गेल्यावरही तिचे हात फ्लायरच्या घोट्यापर्यंत पोहोचावे लागतात. मी तीन वर्षे तीच जागा सांभाळली, म्हणून ती जवळून सांगते. सुरुवातीला तुझे हात फ्लायरच्या कमरेवर असतात. बहुतेक टीममध्ये मोजणी बॅक स्पॉटनेच करायची असते. तू ‘वन, टू, डाउन, अप’ म्हणतेस, चौघींचे गुडघे एकदम वाकतात आणि एकदम सरळ होतात, वजन वर जाऊ लागताच तुझे हात कमरेवरून सरकून घोट्यांवर येतात आणि तू ते घोटे वरच्या दिशेने ओढून धरतेस, म्हणजे तेवढा भार दोन्ही बेसच्या मनगटांवरून कमी होतो. त्या क्षणापासून तुझी नजर फ्लायरच्या कमरेवरून हलता कामा नये. तोल जाणार असेल तर तो चेहऱ्यावर दिसण्याच्या आधी कमरेत दिसतो आणि तोल गेलाच तर तिचे डोके, मान आणि खांदे जमिनीला लागू न देणे हे सर्वांत आधी तुझे काम असते.

तू ठाण्याची आहेस, तेव्हा तुला हे समजावून सांगण्याची गरज नाही. गुरुपौर्णिमेपासून गोविंदा पथकांचा सराव सुरू होतो आणि पथकातल्या जाणत्या माणसाला थर किती लागले याच्याइतकीच ते नीट कसे उतरले याची काळजी असते. इथेही तसेच आहे. स्टंट वर गेला की टाळ्या मिळतात, पण परीक्षक गुण देतात ते तो किती स्थिर राहिला आणि फ्लायर खाली झेलताना चौघींचे हात कसे आले हे पाहून. म्हणून फॉर्मवर जागा विचारली असेल तर ‘बॅक स्पॉट’ असे स्पष्ट लिही आणि त्यापुढे ‘मेन बेस किंवा साइड बेस शिकण्याची तयारी आहे’ असेही लिही; खालच्या दोन बेसची ही नावे आहेत.

आता बॅक हँडस्प्रिंग. सहा आठवड्यांत ती भरवशाची होईल असे मी तुला सांगणार नाही. पाठीमागे उडी घेऊन हातांवर येणे ही शरीराला मुळातच नकोशी वाटणारी गोष्ट आहे. कोचचा हात पाठीला असताना ती काही आठवड्यांत जमू शकते, पण तो हात काढल्यावर, गर्दीसमोर, कडक मॅटवर ती तशीच येईल अशी खात्री व्हायला बहुतेकींना त्याहून पुष्कळ जास्त काळ लागतो. माझ्या पहिल्या ट्रायआउटच्या आदल्या आठवड्यात मला बॅक टक, म्हणजे हात न टेकता हवेतच मागे घेतलेली कोलांटी, दोनदा साधली होती. ती दाखवण्याच्या मोहात मी मॅटवर उभी राहिले, उडी कमी पडली, दोन्ही तळहात आणि एक गुडघा जमिनीवर आपटला. माझी निवड झाली नाही. नंतर मी कारण विचारले तेव्हा कोच शांतपणे म्हणाल्या की जी मुलगी स्वतःच्या शरीराबाबत असा अंदाज बांधते, तिच्या हातात मी दुसरीचे शरीर कसे देऊ. टेबलापाशी बसू लागल्यावर त्या वाक्याचा अर्थ मला पुरता कळला. आम्ही प्रत्येक मुलीकडे पाहताना मनात हाच प्रश्न विचारत असू की हिच्या भरवशावर दुसरीला वर उचलता येईल का.

म्हणून आजच टीमच्या पानावरची अटींची यादी काढून वाच. स्टँडिंग टक, म्हणजे न धावता जागेवरूनच घेतलेली बॅक टक, अनिवार्य लिहिली असेल, तर यंदा टीमच्या क्लिनिकला (सराव-शिबिराला) जा, ओळखी कर आणि ट्रायआउट पुढच्या वर्षी दे, असेच मी मनापासून सांगेन. ‘स्टँडिंग बॅक हँडस्प्रिंग असल्यास उत्तम’ असे असेल किंवा बेस आणि बॅक स्पॉटसाठी टम्बलिंगची, म्हणजे मॅटवरच्या कोलांट्या-उड्यांची, अट सैल असेल, तर बिनधास्त जा. टम्बलिंगमध्ये तुला आज जे दहापैकी दहा वेळा येते तेच दाखव. पाय जुळलेले, गुडघे ताठ आणि शेवटी न डगमगणारे असे स्वच्छ राउंड-ऑफ (हातांवर कडेने फिरून दोन्ही पाय एकत्र टेकणे) हे हात टेकलेल्या टकपेक्षा कितीतरी वरचढ ठरते. उरलेला वेळ स्क्वॉट, खांद्यांची ताकद, मनगटे आणि पोटाचे स्नायू यांवर घाल. वजन कमी करण्याच्या मागे मात्र मुळीच लागू नकोस, कारण उपाशी बॅक स्पॉटचे हात थरथरतात आणि त्याची किंमत वर असलेली मुलगी मोजते. स्टंटचा सराव प्रशिक्षित कोचसमोर, मॅटवरच कर. वसतिगृहाच्या हिरवळीवर मैत्रिणींना उचलून पाहू नकोस.

भरतनाट्यमबद्दल तू संकोचाने लिहिले आहेस, पण तुझी खरी शिदोरी तीच आहे. अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धे बसण्याच्या स्थितीत, घालवलेल्या नऊ वर्षांनी तुझ्या मांड्या तयार झाल्या आहेत, आणि स्टंटमधला सगळा जोर मांड्यांतून येतो. नितंबाचे सांधे बाहेर वळायला शिकलेले आहेत, त्यामुळे टो टचची, म्हणजे हवेत दोन्ही पाय बाजूंना उचलण्याची, उडी तुला इतरांपेक्षा लवकर साधेल. तीत खाली वाकून बोटे पकडायची नसतात, छाती वर ठेवून पाय हातांपर्यंत आणायचे असतात. पण अंगात मुरलेल्या तीन गोष्टी तुला त्या मॅटपुरत्या बाजूला ठेवाव्या लागतील आणि तुझ्या जागी मी असते तर त्यांवर रोज वीस मिनिटे आरशासमोर घालवली असती.

पहिली गोष्ट नजर. आपल्याला शिकवलेले असते की जिथे हात तिथे दृष्टी. इथे हात कुठेही गेले तरी नजर समोर, प्रेक्षागृहाच्या मधल्या रांगांवर. तुझे डोळे सवयीने हाताच्या मागे जातील आणि लांबून पाहणाऱ्याला ती मुलगी खाली बघते आहे, घाबरली आहे, असे वाटेल. दुसरी गोष्ट मनगट. हाय व्ही, लो व्ही, टी, टचडाउन या सगळ्या मोशन्समध्ये, म्हणजे हातांच्या ठरलेल्या स्थितींत, मूठ बंद आणि मनगट सरळ रेषेत हवे, जणू कोपरापासून मुठीपर्यंत एक पट्टी बांधली आहे. हात अगदी कानाच्या रेषेत न नेता किंचित पुढे ठेव, समोर बघतानाही डोळ्यांच्या कडेला दोन्ही मुठी दिसल्या पाहिजेत. आपल्याकडे हात प्रवास करीत जागेवर पोहोचतो आणि तो प्रवासच सुंदर असतो. इथे तो एकदम जागेवर जाऊन थांबला पाहिजे, थरथर न होता. तिसरी गोष्ट पाय. अडवूत, म्हणजे भरतनाट्यमच्या मूळ पदन्यासात, तळपाय वाजला पाहिजे. उडीनंतर मात्र दोन्ही पाय जुळवून, गुडघे वाकवून, आवाज न करता उतरायचे असते.

आवाजाचा सरावही कर. घशातून किंचाळलेला आवाज तिसऱ्या रांगेच्या पुढे जात नाही आणि अर्ध्या तासात बसतो, तेव्हा पोटातून, नेहमीपेक्षा थोड्या खालच्या पट्टीत, प्रत्येक शब्द तोडून बोल. विद्यापीठाचे फाइट साँग, म्हणजे संघाला चेतवणारे गाणे, पाठ कर. बहुतेक ठिकाणी त्यावरचा नाच क्लिनिकमध्ये शिकवून ट्रायआउटला करायला लावतात आणि तिथे तुझी ताल पकडण्याची सवय उपयोगी पडेल. क्लिनिक किंवा ओपन जिम (सर्वांना खुली सरावाची वेळ) जितकी असतील तितक्या सगळ्यांना जा. कोच तिथेच पाहत असतात की शिकवलेली गोष्ट कोण चटकन उचलते आणि पडलेल्या मुलीला हात द्यायला कोण आधी पुढे येते.

अमेरिकन फुटबॉल समजून घे, हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्या घरांतून आलेल्या मुली इथे कमी पडतात. मुलाखतीत ‘प्रतिस्पर्ध्याकडे चेंडू आहे आणि त्यांचा तिसरा डाउन आहे, तुम्ही काय कराल?’ असा प्रश्न येऊ शकतो. डाउन म्हणजे चेंडू पुढे नेण्याचा एक प्रयत्न. उत्तर आहे की प्रेक्षकांना जमेल तितका गोंगाट करायला लावायचा, म्हणजे त्यांच्या क्वार्टरबॅकच्या (चाली सांगणाऱ्या खेळाडूच्या) सूचना त्याच्या खेळाडूंना ऐकू जाणार नाहीत. आपला क्वार्टरबॅक सूचना देत असताना मात्र तोच गोंगाट थांबवायचा. ज्या मुलीला हे कळत नाही ती आपल्याच संघाच्या वेळी ‘डिफेन्स’ ओरडते.

आई-बाबांच्या मनात बहुधा आयपीएलचे चित्र असेल. २००८ साली ती स्पर्धा सुरू झाली तेव्हा सीमारेषेवर नाचणाऱ्या चिअरलीडर्सवरून महाराष्ट्रात बराच वाद झाला होता आणि आपल्या घरांत तो शब्द तेव्हापासून त्याच अर्थाने राहिला. त्यांना या कलेचा जन्म सांग. १८९८ च्या नोव्हेंबरात मिनेसोटा विद्यापीठात जॉनी कॅम्पबेल नावाच्या विद्यार्थ्याने मैदानात उतरून प्रेक्षकांकडून एकसुरात घोषणा म्हणवून घेतल्या, तिथून हे सुरू झाले. सुरुवातीला चिअरलीडर मुलगेच असत. त्याच विद्यापीठात मुली आल्या त्या १९२३ मध्ये. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले आयझेनहॉवर वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत आणि रेगन युरेका कॉलेजात चिअरलीडर होते, हे ऐकून माझ्या बाबांचा चेहरा बदललेला मला आठवतो. टेक्सस ए अँड एममध्ये तर आजही यल लीडर (प्रेक्षकांकडून घोषणा म्हणवून घेणारे) असतात आणि विद्यार्थी त्यांना मतदानाने निवडतात.

पण धोका लपवू नकोस. मुलींच्या खेळांतल्या अतिगंभीर दुखापतींची नोंद नॉर्थ कॅरोलायनातले एक राष्ट्रीय केंद्र ठेवते. त्याच्या अनेक वर्षांच्या अहवालांत चिअरलीडिंगचा वाटा निम्म्याहून अधिक आहे. २००६ मध्ये बास्केटबॉलच्या एका सामन्यात पिरॅमिडवरून पडून एका कॉलेजच्या मुलीच्या मानेच्या मणक्याला इजा झाली, त्यानंतर मॅटशिवाय कडक कोर्टवर बास्केट टॉस, म्हणजे फ्लायरला हवेत उंच फेकून झेलणे, करण्यास बंदी आली. दुसरी अडचण अशी की कॉलेजांच्या खेळांची राष्ट्रीय संघटना एनसीएए चिअरलीडिंगला आपला खेळ मानत नाही. क्विनिपियाक विद्यापीठाच्या खटल्यात २०१० साली न्यायालयानेही टायटल नाइन या, शिक्षणसंस्थांत मुलींना समान संधी देणाऱ्या कायद्याच्या हिशोबात ते मोजायला नकार दिला. पुढे २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने चिअरच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली, तरी कॉलेजांतली स्थिती त्याने बदलली नाही. याचा तुझ्यापुरता परिणाम असा की सोयी प्रत्येक विद्यापीठात वेगळ्या असतात. म्हणून पालकांच्या बैठकीत बाबांनाच विचारू दे: सरावाला अ‍ॅथलेटिक ट्रेनर (खेळाडूंच्या दुखापती पाहणारा) हजर असतो का, दुखापतीचा खर्च आपल्या विम्यानंतर कोण उचलते, डोक्याला मार लागल्यास परत खेळायला परवानगी कोण देते, आणि कोचने सुरक्षेचे प्रमाणपत्र घेतले आहे का. या प्रश्नांवर चिडणाऱ्या टीममध्ये मी माझ्या बहिणीला पाठवणार नाही. अभ्यासाबद्दल त्यांना सांग की पूर्णवेळ प्रवेश आणि किमान जीपीए (सरासरी गुण) या अटी टीमच्याच असतात. मात्र फुटबॉलच्या मोसमात घरच्या सामन्याचा शनिवार पूर्ण जातो आणि सराव अनेकदा पहाटे सहाला असतो, हेही त्याच बैठकीत बोलून टाक.

ट्रायआउटच्या दिवसासाठी किरकोळ वाटणाऱ्या पण माणसाला दारातून परत पाठवणाऱ्या काही गोष्टी आहेत. डॉक्टरांच्या तपासणीचा फॉर्म आणि विम्याच्या कार्डाची प्रत आदल्या आठवड्यातच तयार ठेव. नखे बोटांच्या टोकाच्या आत काप. कोणताही दागिना चालत नाही, नाकातली चमकीसुद्धा नाही, आणि वर टेप लावून भागत नाही. नाक नुकतेच टोचले असेल तर ते बुजण्याची भीती असते, तेव्हा कोचला आधी विचार. मनगटातला धागा काढायचा नसेल तर तेही आधीच बोल. शर्टवर नंबर चार सेफ्टी पिनांनी लाव, दोनांनी लावलेला पहिल्याच उडीत उलटतो.

निकाल बहुतेक ठिकाणी त्याच रात्री नंबरांच्या यादीने लागतो. तुझा नंबर नसेल तर दोन दिवस जाऊ दे आणि मग कोचना लहानसे पत्र लिही: कोणत्या दोन गोष्टींत कमी पडले, आणि उन्हाळ्यात ओपन जिमला येऊ का. मी पहिल्या वर्षी असेच लिहिले होते. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सातला ये, असे उत्तर आले. त्या जूनमध्ये एका मुलीने मला पहिल्यांदा फ्लायरच्या मागे उभे केले आणि माझे हात धरून घोट्यांवर ठेवले.