एमआरआय नॉर्मल आला, मग भावाच्या हालचाली मंद का?

तुमच्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, त्याची चाल मंदावली, हात थरथरतो. धंतोलीत काढलेला एमआरआय मात्र नॉर्मल आला, म्हणून घरचे त्याला आळशी ठरवतायत, असं तुम्ही लिहिलंय. तो सोंग करत नाहीये, हे घरच्यांना आजच सांगा.

मी नागपुरातच मानसोपचार विभागात काम करते. नॉर्मल रिपोर्टमुळे रुग्णालाच बोल लागतात, हे वारंवार बघते आणि फार वाईट वाटतं. नेहमीचा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. गाठ नाही, रक्तस्राव नाही, जुना स्ट्रोक नाही, एवढंच त्यातून कळलं. घराचा नकाशा बघून वायरीत करंट आहे का ते कळत नाही, तसंच हे.

मेंदूचं काम टिपणाऱ्या स्कॅनमध्ये फरक दिसलेत. थॅलॅमस (मेंदूच्या आतलं, संदेश पुढे पाठवणारं केंद्र) आणि हालचाली चालवणारा मेंदूचा पट्टा यांच्यातला संपर्क स्किझोफ्रेनियात गरजेपेक्षा जास्त आढळतो. कॅटाटोनिया, म्हणजे माणूस गोठल्यासारखा, न हलता-बोलता राहतो ती अवस्था, असलेल्यांत, हालचालीची तयारी करणाऱ्या सप्लिमेंटरी मोटर एरियात रक्तप्रवाह वाढलेला दिसला. स्वित्झर्लंडच्या बर्नमध्ये यावर बरंच काम झालंय. पण हे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे. एकट्या तुमच्या भावाचं स्कॅन बघून कुणी निदान करू शकणार नाही, तेव्हा दुसऱ्या स्कॅनवर पैसे घालू नका.

‘सगळं गोळ्यांमुळेच’ असंही काही जण म्हणतात, तेही अर्धंच खरं. पहिलं अँटिसायकोटिक (भास-भ्रमांवरचं औषध), क्लोरप्रोमाझिन, 1952 मध्ये वापरात आलं. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ काहलबाउम यांनी कॅटाटोनियाचं वर्णन त्याच्या कितीतरी आधी, 1874 मध्येच केलं होतं. एकही गोळी न घेतलेल्यांतही हालचालींचे बिघाड सापडतात. तरी थरथर बहुधा औषधाची असते. पेट (PET) स्कॅन, म्हणजे मेंदूचं काम टिपणारं एक स्कॅन, त्याच्या अभ्यासांत दिसलं की डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा संदेश घेणारे डी-2 रिसेप्टर औषधाने साधारण 65 टक्के अडले की औषध लागू पडायला लागतं, आणि 80 च्या आसपास गेले की कंप, ताठरपणा वाढतो. मधली जागा एवढी अरुंद, म्हणून डोसमधला छोटा बदलही मोठा ठरतो.

जुन्या चिठ्ठ्या घेऊन डॉक्टरांकडे जा. कुठली गोळी कधी वाढवली, थरथर कधी सुरू झाली, हे लिहून न्या. ते मनगट, कोपर वाकवून बघतील, त्याला चालवून बघतील. स्कॅनपेक्षा त्यातून जास्त कळतं. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका. खाणं-बोलणं थांबलं, तासन्‌तास एकाच स्थितीत राहिला, किंवा अंग ताठून ताप आला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच क्षणी मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेज रुग्णालयाच्या) कॅज्युअल्टीत न्या.