ठाण्यात राहून कंपन्यांना सरकारी कंत्राटं मिळवून देण्याचा व्यवसाय सुरू करायचा आहे. ओळखी नाहीत. जमेल का?

जमेल, आणि ओळखी नाहीत हे बरंच आहे. ‘साहेबांशी बोलून काम करून देतो’ म्हणणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. कित्येक निविदांत मध्यस्थाला कमिशन दिलेलं नाही, असं कंपनीला लिहून द्यावं लागतं. त्यामुळे कंत्राटावर टक्केवारी मागू नका. निविदा शोधून, वाचून, भरून देण्याची ठरावीक फी घ्या, काम मिळो वा न मिळो.

वागळे इस्टेट, रबाळे, महापे इथले छोटे कारखानदार माल उत्तम बनवतात, पण शंभर पानी निविदा वाचायला त्यांच्याकडे माणूस नसतो. तुमचं गिऱ्हाईक तेच. माझ्या पाहण्यात भावापेक्षा कागदांवरून जास्त निविदा बाद होतात, तेही पहिल्याच लिफाफ्यात, म्हणजे भाव उघडण्याआधी कागद तपासतानाच. सीएचा उलाढालीचा दाखला सही-शिक्क्यासकट जोडलेला असतो, पण त्यावर यूडीआयएन, म्हणजे दाखला खरा आहे का हे ऑनलाइन पडताळायचा क्रमांक, नसतो. २०१९ पासून तो बंधनकारक आहे. किंवा दरांच्या एक्सेल फाइलचं नाव कुणीतरी हौसेने बदलतं आणि निविदा भरायचं पोर्टल ती घेतच नाही. निविदेत बदल सांगणारं शुद्धिपत्रक तर शेवटच्या दिवसापर्यंत बघत राहायचं.

उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, नीट समजून घ्या. २०१२ च्या धोरणानुसार केंद्राच्या खात्यांनी आणि सार्वजनिक कंपन्यांनी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून खरेदी करायची असते. आज ते प्रमाण वर्षाच्या खरेदीच्या किमान २५ टक्के आहे. निविदेसोबत भरायच्या अनामत रकमेतूनही सूट मिळते. मात्र हे उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी. नुसता माल घेऊन विकणाऱ्याला नाही. व्यापाऱ्याला ‘सूट मिळेल’ म्हणून निविदा भरायला लावलीत, तर त्याचं नुकसान होईल आणि तुमचं नाव जाईल.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. गिऱ्हाइकाच्या डिजिटल सहीचा टोकन (पेनड्राइव्हसारखा असतो तो) स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. सही त्यानेच करावी. आणि एकाच निविदेत दोन गिऱ्हाइकं घेऊ नका. दोघांचे भाव तुम्हाला माहीत असले की ते साटंलोटं ठरू शकतं, आणि स्पर्धा कायद्याखाली तो गंभीर मामला होतो.

सुरुवातीला एकच माल धरा, समजा व्हॉल्व्ह किंवा ऑफिस फर्निचर. जेम (केंद्राचं सरकारी खरेदीचं पोर्टल) आणि महाटेंडर्सवर (राज्याचं निविदांचं पोर्टल) त्या मालाच्या जुन्या निविदा पाहता येतात; पात्रतेच्या अटी पाठ होईपर्यंत वाचा. पुढे बिलं अडकली की गिऱ्हाईक पुन्हा तुमच्याकडेच येईल. सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, असं २००६ चा कायदा सांगतो. अडकलेल्या पैशांसाठी सरकारी पोर्टलवर तसा अर्ज करून देणं हेही चांगलं काम आहे.