जाहिरातीसाठी शोधशब्द निवडताना

प्रश्न : पंचवटीत आमचे येवल्याच्या पैठण्यांचे दुकान आहे. गूगलवरील जाहिरातीसाठी आम्ही ‘पैठणी’ हा एकच शब्द निवडला. क्लिक भरपूर येतात, पैसे संपतात, पण गिऱ्हाईक फिरकत नाही. शब्द कसे निवडावेत?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ‘पैठणी’ असे शोधणाऱ्यांत खरेदीदार असतात, तसेच ब्लाउजचे नमुने पाहणारे आणि साडी धुण्याची रीत विचारणारेही असतात, क्लिकचे पैसे मात्र सर्वांसाठी तुमच्याच खिशातून जातात. म्हणून खरेदीचा हेतू दिसेल असे शब्दसमूह घ्यावेत, उदाहरणार्थ ‘येवला पैठणी किंमत’ किंवा ‘नाशिक पैठणी दुकान’. ते दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिल्यास जाहिरात तो अर्थ असलेल्या शोधांपुरती राहते. चौकटी कंसात लिहिल्यास व्याप्ती आणखी आवळली जाते. चिन्हच न लावल्यास गूगल दूरचा संबंध असलेल्या शोधांनाही जाहिरात दाखवते, आणि तुमचे नेमके तेथेच बिनसले असावे.

लोकांनी प्रत्यक्षात काय टंकले, हे खात्यातील ‘सर्च टर्म्स’ अहवालात दिसते. तो दर आठवड्याला वाचावा आणि ‘डिझाइन’, ‘फोटो’, ‘भाड्याने’ असे निरुपयोगी शब्द नकारात्मक यादीत, म्हणजे ज्या शब्दांच्या शोधांना जाहिरात दाखवायची नाही त्यांच्या यादीत, टाकावेत. या यादीला समानार्थी शब्द किंवा अनेकवचन आपोआप कळत नाही, त्यामुळे प्रत्येक रूप स्वतंत्रपणे, आणि देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिपींत, लिहावे लागते. (रोमन लिपीत टंकणारे मराठी गिऱ्हाईक काही कमी नाही!) गूगलचे ‘कीवर्ड प्लॅनर’ हे साधन एखाद्या शब्दाच्या मासिक शोधांचा अंदाज देते, पण त्यातील मोठ्या आकड्याला भुलू नये.