साई, दांडपट्टा आणि जात्याचा खुंटा

तुमचा प्रश्न वाचला. मुलाच्या कराटे क्लासमध्ये साई (तीन टोकांचं आखूड लोखंडी हत्यार), टोन्फा (आडव्या मुठीचं दांडकं), बो (लांब काठी) पाहिले, शिवजयंतीला नाशिकच्या वाकडी बारवेच्या मिरवणुकीत मर्दानी खेळ पाहिले, आणि वाटलं की दोन्हीकडची शस्त्रं सख्खी भावंडं आहेत. मग हे सगळं बोधिधर्म या बौद्ध भिक्षूबरोबर भारतातून तिकडे गेलं का, असं तुम्ही विचारलंय.

बोधिधर्माचं आधी उरकतो. त्याला युद्धकलेशी जोडणाऱ्या कथेचं मूळ १७ व्या शतकातल्या एका चिनी व्यायामग्रंथात आहे. स्वतः बोधिधर्म त्याच्या हजारएक वर्षं आधीचा. व्हॉट्सॲपवर फिरवायला ठीक आहे, पुरावा म्हणून नाही.

साम्याचं मुख्य कारण फार साधं आहे. माणसाला जगभर दोनच हात, एकच खांदा-मनगटाची ठेवण, आणि हाताशी लाकूड. मी पंचवटीतल्या एका तालमीत बरीच वर्षं लाठी फिरवली, पुढे पोरांनाही शिकवली. एकदा पोर्तुगालच्या ‘जोगो दु पाउ’ या काठीच्या खेळाचे व्हिडिओ पाहिले आणि चाटच पडलो. चारी बाजूंनी घेरल्यावर काठी मोठ्या वर्तुळात फिरवून माणसं लांब ठेवायची, ही आमचीच गोष्ट तिथले खेडूत करत होते. इजिप्तच्या ‘तहतीब’मध्येही काठी आहे, ते २०१६ साली युनेस्कोच्या यादीत गेलं. तमिळनाडूत सिलंबम हा काठीचा खेळ आहेच. यातलं कुणी कुणाकडून उचललं असं म्हणायला काही आधार नाही. एकटा माणूस घोळक्यात सापडला की हातातली काठी तशीच फिरणार.

फरी-गदक्याचंही, म्हणजे छोटी ढाल आणि तलवारीऐवजी काठी घेऊन खेळायच्या खेळाचंही तसंच. खऱ्या तलवारीनं रोज सराव केला तर आठवड्यात तालीम रिकामी होईल, म्हणून काठी आली. इंग्रजांकडे ‘सिंगलस्टिक’ होतं, १९०४ च्या ऑलिंपिकमध्येसुद्धा ते खेळलं गेलं. फिलिपिन्सवाल्यांकडे वेत.

आता शेतीकडे या, मला यात जास्त मजा येते. कराटे जिथून आलं त्या जपानच्या ओकिनावा बेटाचं ‘कामा’ म्हणजे सरळसरळ विळा. दिंडोरी-निफाडकडच्या कुणाच्याही हातात द्या, विचारणारही नाही. टोन्फा म्हणजे तिकडच्या जात्याचा खुंटा, असं सांगतात. (मुलाच्या आजीला दाखवा, बघा काय म्हणते.) नानचाकू, म्हणजे साखळीनं जोडलेली दोन दांडकी, मळणीच्या दांडक्यापासून आला असं एक मत, घोड्याच्या लगामापासून असं दुसरं. पहिलं खरं धरलं तर आपल्याकडे नानचाकू का नाही, याचा माझा एक अंदाज आहे. आपली मळणी तिवड्याभोवती (खळ्यातल्या मधल्या खांबाभोवती) बैल फिरवून व्हायची, साखळीनं जोडलेलं दांडकं लागलंच कुणाला? हा निव्वळ माझा तर्क आहे, कुठे छापू नका.

पण ‘राजानं शस्त्रं काढून घेतली म्हणून गरीब शेतकऱ्यांनी अवजारांची शस्त्रं केली’ ही क्लासमध्ये सांगतात ती गोष्ट जरा बेतानं घ्या. तिथल्या शो शिन राजानं शस्त्रं एकत्र जमा केली होती आणि १६०९ मध्ये जपानमधल्या सात्सुमा संस्थानानं ओकिनावा जिंकलं, इतकं खरं. मात्र ही विद्या टिकवली ती बरीचशी तिथल्या अधिकारी वर्गानं. साई तर शिपायांचं हत्यार. आणि साईसारखंच हत्यार मलेशियात ‘टेकपी’, इंडोनेशियात ‘चबांग’ म्हणून आहे, चीनमध्येही आहे. तिथे देवाणघेवाण झाली असणार, समुद्र आणि व्यापार मधे होताच.

साई म्हणजे आपलं त्रिशूळ, असंही कुणीतरी तुम्हाला सांगितलंय. सिंहस्थात त्र्यंबकला कुशावर्तावर आखाडे येतात तेव्हा त्रिशूळ नीट बघा. लांब दांड्यावर बसवलेलं, भोसकण्यासाठी. साईला धार नसते. ती मुठीत धरून समोरच्याचा घाव बाजूच्या दोन पंखांत (वाकड्या टोकांत) अडवायचा, अडकवायचा, मनगटावर ठोकायचं. टोकं तीन असली म्हणून नातं लागत नाही.

म्हणून मी कुठलंही हत्यार पाहिलं की पात्याआधी मूठ बघतो. पाती फार फिरली आहेत. फिरंग या तलवारीचं नावच सांगतं, युरोपातलं पातं आणि मूठ आपली. पातं विकत मिळायचं, पण हात तर इथलाच. तलवारीच्या मुठीला मागे जी कटोरी असते ती मनगटाला अडते. सरळ भोसकायला गेलात की टोचते. म्हणून आपला वार खेचून, ओढत कापणारा. जपानी कतानाची मूठ लांब, दोन हातांची, तिथे अंगाचं वळण वेगळं.

आणि दांडपट्टा. याला तोड मला कुठे सापडली नाही. पातं लांब, सरळ, दुधारी, पण मूठ म्हणजे कोपराकडे जाणारा लोखंडी खोबळा, आत आडवी दांडी. कट्यार धरतो तशीच पकड, मूठ आवळून. कट्यारीचं पातं लांबवलं आणि हाताला चिलखत चढवलं असं समजा. पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मी तलवारीच्या सवयीनं मनगट वळवायला गेलो आणि पट्टा जागचा हलेना, उलट दांडीनं हात सोलून निघाला. आमचे वस्ताद हसले, म्हणाले, ‘पट्ट्यात मनगट नसतंय, कंबर असते.’ खरंच, पट्टा खांद्यातून आणि कंबरेतून फिरतो, पायांची पवित्र्याची गोलाई चुकली की स्वतःच्याच पोटरीवर येतो. केरळची उरुमी ही पट्टीसारखी तलवार लवचिक असते म्हणून लोक तिला पट्ट्याची बहीण म्हणतात. पण उरुमी साध्या मुठीनं, मनगटानं चाबकासारखी चालते. दोघींचं फारसं जमायचं नाही.

मुलाचं म्हणाल तर कराटे सोडवू नका. त्याचा बो साधारण सहा फुटांचा असेल, तोच घेऊन एखाद्या रविवारी सकाळी तालमीत पाठवा. बोचा आघात आणि लाठीची फेक यातला फरक त्याला दहा मिनिटांत कळेल. साई मात्र घरी ठेवा, गेल्या वर्षी एकानं आणली आणि फरशीचा तुकडा उडवला.