कापसाची खंडी किती मणांची?

दारव्हा तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय: "आजोबा सांगतात, खंडी म्हणजे वीस मण. बातम्यांत कापसाचा भाव खंडीला देतात आणि खंडी 356 किलोची म्हणतात. हे जुळतं कसं? आणि क्विंटलच्या हमीभावाशी हा भाव ताडून पाहायचा कसा?"

आजोबांचं बरोबर आहे. खंडी वीस मणांचीच. पण मण गावोगाव वेगळा. जुना मुंबईचा मण 28 पौंडांचा, म्हणजे 12.7 किलोचा, त्याच्या वीस मणांची खंडी 560 पौंड भरते. मुंबईच्या कापूस व्यापारात मात्र खंडी 28 मणांची धरली गेली. 28 गुणिले 28, म्हणजे 784 पौंड, म्हणजेच 355.6 किलो. हंड्रेडवेट या 112 पौंडांच्या विलायती मापात हीच खंडी बरोबर सात भरते, आणि त्या काळी मोठं गिऱ्हाईक इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचं होतं. आपल्या वऱ्हाडचा माल तिथे 'उमरा' नावानं ओळखला जाई. अमरावतीचं जुनं नाव उमरावती, त्यावरून. मण-शेर गेले, किलो आले, तरी ही खंडी व्यापाऱ्यांच्या तोंडी राहिली.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. खंडीला भाव असतो तो कापसाचा नव्हे, रुईचा.

घरी आपण सगळ्यालाच कापूस म्हणतो. वातीचा कापूस, गादीतला कापूस. बाजारात तसं चालत नाही. पऱ्हाटीवरून वेचून आणतो तो कापूस, आत सरकी, म्हणजे बी, असलेला. यार्डात ट्रॉलीवर चढलेला खरेदीदार मूठभर कापूस उचलतो, सरकीपासून पुंजका ओढून दोन्ही हातांच्या चिमटीत ताणतो, धागा बघतो. तो मनात रुईच मोजत असतो. जिनिंगमध्ये सरकी वेगळी झाली की उरते ती रुई, आणि 170 किलोची गाठ बांधतात तीही रुईचीच.

हमीभाव आहे कापसाला. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याला 8,110 रुपये क्विंटल. रुईचा उतारा 34 टक्के धरा, म्हणजे शंभर किलो कापसातून 34 किलो रुई. एका खंडीला साडेदहा क्विंटल कापूस लागतो, हमीभावानं सुमारे 85 हजारांचा. खंडीभर रुईचे आणि तिच्या सरकीचे पैसे मिळून एवढी रक्कम आणि वर जिनिंगचा खर्च निघत नसेल, तर खासगी व्यापारी हमीभाव देत नाही. मग कास्तकार सीसीआयच्या, म्हणजे हमीभावानं खरेदी करणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर रांग लावतो.

जगाच्या बाजारात फिरते तीही रुई. न्यूयॉर्कचा वायदा पौंडाला सेंटमध्ये बोलतात. अमेरिकेतला शेतकरी जिनिंग करून गाठी विकतो, त्यामुळे तिथल्या सरकारी मदतीचा परिणाम थेट रुईच्या भावात उतरतो. त्या मदतीमुळे जगाचा भाव पडतो म्हणून ब्राझीलनं 2002 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नेली, जिंकली, आणि 2014 मध्ये 30 कोटी डॉलर घेऊन तडजोड केली. आपल्याकडे ऑगस्ट 2025 मध्ये 11 टक्के आयात शुल्क उठवलं आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. तेव्हा "कापूस येतोय" असं सगळे म्हणत होते. बंदरात उतरत होती रुई. पडला तो खंडीचा भाव, आणि त्याची झळ लागली सरकीसकट कापूस विकणाऱ्याला.

म्हणून बातमीत 'कापूस खंडीला इतके हजार' असं छापलेलं दिसलं की मला खटकतं. खंडी साधारण साडेतीन क्विंटलची, म्हणून वाचणारा कास्तकार त्या आकड्याला साडेतीनानं भागतो आणि क्विंटलला पंधरा हजार मिळणार समजून कापूस घरात भरून ठेवतो. 'रुई खंडीला' लिहायला अक्षरही जास्त लागत नाही.

तुझ्या आजोबांना एक विचार: त्यांच्याकडे धान्याचा मण किती शेरांचा होता?