मनगटावरच्या घड्याळातला हार्ट रेट किती खरा धरायचा?

घड्याळ बदलायचं की डॉक्टर गाठायचा, या तुमच्या प्रश्नाचं आधी थेट उत्तर देते. घड्याळ बदलू नका, आणि तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून धावत डॉक्टर गाठण्यासारखंही काही दिसत नाही. तुम्हाला खटकलेल्या तीन आकड्यांपैकी दोन खोटे आहेत, एक बहुतेक खरा आहे. गंमत अशी, की जो खरा आहे त्यालाच तुम्ही 'हा तर उघड उघड चुकीचा' म्हणून निकालात काढलंय.

मला तुमचा प्रश्न समजला तो असा: वय ४३, गोरेगावला राहता, सकाळी आरेत धावता, जानेवारीत हाफ मॅरेथॉन करायची आहे. नवीन घड्याळ पहिल्याच किलोमीटरला १७४ दाखवतं, तेव्हा तुम्ही सोबतच्या मित्राशी आरामात गप्पा मारत असता. पुढे कधीतरी तोच आकडा धाडकन १३८ वर येतो. जिममध्ये डंबेल मारून धापा टाकताय तेव्हा घड्याळ म्हणतं ९२. आणि रविवारच्या लांब पल्ल्यात शेवटी पेस (धावण्याचा वेग) मुद्दाम कमी केलात तरी १६३. ऑफिसमधला मित्र म्हणतो सेन्सर आपल्या सावळ्या कातडीवर चालत नाही, दुकानदार म्हणतो सेन्सर 'सेट व्हायला' वेळ लागतो.

दुकानदाराचं सोडून द्या. सेन्सर सेट वगैरे काही होत नसतो.

घड्याळाच्या पोटाशी जे हिरवे दिवे लुकलुकतात त्यांचा उजेड कातडीत जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर शिरतो. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषतं. ठोका पडला की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या किंचित फुगतात आणि परत येणारा उजेड किंचित कमी होतो. हा चढउतार मोजून घड्याळ ठोके काढतं. तुम्ही खुर्चीत बसलेले असता तेव्हा हे काम छान होतं. धावायला लागलात की प्रत्येक झोक्याबरोबर मनगटातलं रक्त हिंदकळतं, घड्याळ कातडीवर सरकतं, फटीतून बाहेरचा उजेड आत येतो, आणि या सगळ्या गोंगाटाची लय ठोक्यापेक्षा कितीतरी जोरकस असते. लोकलच्या डब्यात भजनी मंडळ रंगात आलेलं असताना शेजारचा फोनवर काय बोलतोय ते ऐकायचा प्रयत्न करावा, तशी त्या सेन्सरची गत होते. म्हणून घड्याळातच हालचाल मोजणारा दुसरा सेन्सर असतो. त्याच्याकडून हाताची लय घ्यायची, ती वजा करायची आणि उरेल त्याला ठोका म्हणायचं, असा सगळा हिशेब आहे.

हा हिशेब कुठे फसतो? आपल्यापैकी बहुतेकांची पावलं मिनिटाला १६० ते १८० पडतात. म्हणजे धावणाऱ्याचा केडन्स आणि दमलेल्या माणसाचा हार्ट रेट हे एकाच पट्ट्यात येतात. ठोक्याचा सिग्नल अशक्त असला की घड्याळ पावलांनाच ठोके समजून बसतं आणि तिथेच चिकटून राहतं. धावणारे याला 'केडन्स लॉक' म्हणतात. तुमचे ते १७४ म्हणजे तुमची पावलं आहेत, पैजेवर सांगते. अ‍ॅप उघडा आणि त्या रनच्या हार्ट रेटच्या आलेखाशेजारी केडन्सचा आलेख लावून बघा.

आमच्या शिवाजी पार्कच्या ग्रुपमधल्या एकाचा असाच आलेख मी नीट मोठा करून बघितला होता. सुरुवातीचा पूर्ण तुकडा १७२-१७३ वर पट्टीने आखल्यासारखा सपाट. मध्ये एका जागी, हाजी अलीच्या सिग्नलला तो थांबला तिथे, रेघ कड्यावरून खाली पडावी तशी ९८ वर. पुन्हा पळायला लागला तर काही सेकंदांत परत १७२. हृदय असं वागत नाही. धावणं सुरू केल्यावर ते टप्प्याटप्प्याने चढतं, थांबल्यावर भराभर उतरलं तरी टप्प्याटप्प्यानेच उतरतं, आणि पूर्ण सपाट तर कधीच नसतं. आलेख काटकोनात वळत असेल तर तो हृदयाचा नव्हे, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम होतं.

सुरुवातीलाच का होतं, तर तेव्हा मनगटाच्या कातडीत रक्तच कमी असतं. रात्रभर एसीत झोपायचं आणि उठून तसंच बाहेर पडायचं. त्यात आरे आणि बोरिवलीकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे खरंच गार असतं, आमच्या दादरसारखं नाही. अंग तापलं, घाम सुटला की रक्तवाहिन्या उघडतात, सिग्नल सुधारतो आणि घड्याळ भानावर येतं. तुमचा तो धाडकन पडलेला १३८ म्हणजे घड्याळ भानावर आल्याचा क्षण. घरातून निघायच्या आधी दहा मिनिटं घड्याळ घट्ट बांधून थोडं वॉर्मअप केलंत तर हा त्रास बराच कमी होईल.

घट्ट म्हणजे किती, हे सांगायला हवं, कारण मुंबईत घामोळ्यांच्या भीतीने सगळे पट्टा सैल ठेवतात. मनगटाच्या बाहेरच्या बाजूला जे टोकदार हाड आहे त्याच्यावर घड्याळ नको, त्याच्या वर कोपराकडे दोन बोटं सोडून हवं. हात झटकल्यावर सरकता कामा नये, पण बोटं बधिर होतील इतकंही आवळू नका. धावून झाल्यावर सैल करा. आमच्याकडे एक काकू आहेत, त्यांच्या डाव्या हातात पाटल्या आणि हिरव्या बांगड्या, त्या काढायच्या नाहीत हे ठरलेलं. मग घड्याळ बांगड्यांच्या खाली, नेमकं त्या हाडावर. दर पावलाला बांगडी घड्याळाच्या कडेवर आपटायची आणि सेन्सरखाली फट पडायची. आकडे तर असे यायचे की वाचून आम्हालाच धडधडावं. शेवटी त्यांनी दंडावर बांधायचा ऑप्टिकल पट्टा घेतला. तोही उजेडावरच चालतो, पण दंड मनगटाइतका हिंदकळत नाही, तिथे मांस भरपूर आणि हाडं कमी, म्हणून आकडा बराच स्थिर येतो. आणि हो, घड्याळाची पाठ पुसत जा. घाम वाळून काचेवर मिठाचा पांढरा थर बसतो, सनस्क्रीनचा वेगळाच.

जिममधला ९२ मात्र घट्ट बांधूनही पूर्ण सुधारणार नाही. डंबेल मुठीत आवळला की हाताचे स्नायू आणि शिरा घड्याळाखाली ताठ होतात, मनगट वाकतं, तिथला रक्तप्रवाह बदलतो. सायकलचंही तेच: हँडल आवळलेलं आणि आपले खड्डे. वजनं उचलताना हार्ट रेट बघायची गरजही फारशी नसते, सेट आणि रेप्स मोजा. पोहताना तर सेन्सर आणि कातडी यांच्यामध्ये पाणीच शिरतं, तिथला आकडा मी बघतही नाही.

इंटर्व्हल (थोडं जोरात, थोडी विश्रांती, असं आलटून-पालटून धावणं) करत असाल तर वेगळी अडचण येते. प्रियदर्शिनी पार्कच्या ट्रॅकवर ४०० मीटर जोरात मारलेत, तर घड्याळ काही सेकंदांची सरासरी काढत मागून येतं आणि सगळ्यात मोठा आकडा तुम्ही कमरेवर हात ठेवून उभे असताना दाखवतं. अर्ध्या मिनिटाच्या स्प्रिंटला मनगटावरचा आकडा निरुपयोगीच समजा.

कातडीच्या रंगाचं म्हणाल तर मित्राचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. मेलॅनिनही हिरवा प्रकाश शोषतं, आणि गोंदण असेल तर शाईमुळे सेन्सर खरंच गोंधळू शकतो. पण अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात वेगवेगळ्या रंगाच्या लोकांवर केलेली आणि २०२० साली प्रसिद्ध झालेली चाचणी आहे. तिच्यात रंगामुळे लक्षणीय फरक आढळला नाही. मोठा फरक पडला तो हालचालीने: बसलेल्यापेक्षा हालचालीत चूक सरासरी ३० टक्क्यांनी जास्त. त्यामुळे सावळेपणाला दोष देण्याआधी पट्टा आवळून बघा.

आता तो तिसरा आकडा, १६३, ज्याला तुम्ही हसलात. तो लांब रनच्या शेवटी आलाय, अंग तापलेलं, घाम भरपूर, म्हणजे सेन्सरसाठी परिस्थिती उत्तम. शिवाय तुम्हीच लिहिलंय की आकडा शेवटच्या चार-पाच किलोमीटरमध्ये हळूहळू चढत गेला. खोटा आकडा उडी मारतो, हळूहळू चढत नाही. उष्ण आणि दमट हवेत शरीर थंड राहण्यासाठी रक्त कातडीकडे वळवतं, घामातून पाणी जातं, रक्ताचं आकारमान थोडं घटतं, एका ठोक्याला हृदय कमी रक्त ढकलतं. तेवढाच पुरवठा ठेवायचा तर ठोके वाढवावे लागतात. आपल्याकडे दमटपणामुळे घाम वाळत नाही, नुसता निथळतो, म्हणून थंडावाही मिळत नाही. याला कार्डिअ‍ॅक ड्रिफ्ट म्हणतात. पेस कमी करूनही ठोके वाढणं हे ऑक्टोबरच्या मुंबईत अगदी स्वाभाविक आहे. पुण्यात धावणाऱ्या मेहुण्याच्या आकड्यांशी तुलना करू नका (तो करणारच, तुम्ही करू नका). तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच, की रविवारी अजून पहाटे निघा, पाणी आणि मीठ-साखर बरोबर ठेवा आणि सुरुवातीचे किलोमीटर आत्तापेक्षा सावकाश घ्या.

घड्याळाने 'कमाल मर्यादेजवळ' असा लाल इशारा दिला म्हणून तुम्ही घाबरलात, त्याबद्दलही दोन शब्द. बऱ्याच घड्याळांत ती मर्यादा २२० वजा वय या सूत्राने आलेली असते, म्हणजे तुमची १७७. हे सूत्र १९७१ च्या सुमाराचं, ढोबळ अंदाजाचं. एकाच वयाच्या माणसांत दहा-बारा ठोके इकडे-तिकडे असणं सर्रास आढळतं. तुमची खरी मर्यादा १६६ असेल किंवा १८८ असेल. त्यावर बेतलेला 'झोन टू' (सोप्या धावेसाठीचा हार्ट रेटचा पट्टा) घेऊन लोक ठोक्या-ठोक्याला भांडतात, तेव्हा मला हसू येतं. अंदाजाने काढलेल्या मर्यादेचे टक्के, आणि ते लावायचे अंदाजाने काढलेल्या आकड्याला! सोपी धाव म्हणजे पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. पहिल्या किलोमीटरला तुम्ही गप्पा मारत होतात, म्हणजे तुमची धाव सोपीच होती.

पडताळा हवा असेल तर घड्याळ १७४ म्हणतंय तेव्हा थांबा, अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं ठेवा, लगेच १५ सेकंद मोजून चारने गुणा. थांबल्यावर ठोके भराभर उतरतात, त्यामुळे आकडा थोडा कमी येईल, पण १७४ आणि १३५ मधला फरक लपणार नाही. दुसरी युक्ती, धावता धावता पेस तोच ठेवून पावलं मुद्दाम बारीक आणि जलद टाका. आकडा पावलांमागे पळाला तर चोर सापडला.

एवढं करून खरोखर नेमका आकडा हवाच असेल, तर छातीचा पट्टा घ्या. तो उजेडावर चालत नाही, हृदयाचा विद्युत सिग्नलच पकडतो, ईसीजीसारखा. हे तंत्र जुनं आहे, फिनलंडच्या पोलारने १९८२ सालीच असा बिनतारी मॉनिटर बाजारात आणला. क्लीव्हलंड क्लिनिकने ५० जणांवर केलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत छातीचा पट्टा ईसीजीशी जवळजवळ तंतोतंत जुळला, मनगटावरची चारही यंत्रं त्याच्या मागे राहिली. त्याच वर्षी स्टॅनफर्डने सात घड्याळं तपासली. हार्ट रेटमध्ये सहा जणांची चूक पाच टक्क्यांच्या आत होती, पण कॅलरीत सगळ्यात चांगलं घड्याळही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं, सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. तेव्हा घड्याळाने सहाशे कॅलरी दाखवल्या म्हणून धावून आल्यावर दोन वडापाव खाऊ नका. खायचेच असतील तर मन मारू नका, पण घड्याळाची साक्ष काढू नका.

डॉक्टरांकडे कधी जायचं, ते घड्याळावर सोपवू नका. छातीत दुखणं, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर, नेहमीच्या वेगाला नेहमीपेक्षा जास्त दम, बसल्याजागी धडधड, नाडी अनियमित लागणं, यातलं काहीही असेल तर आकडा ११० असो वा १८०, जा. अनियमित ठोक्यांत मनगटावरचं यंत्र कमीही मोजू शकतं आणि उगाच धीर देतं. घरात हृदयविकार असेल किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर हाफच्या आधी एकदा तपासून घ्याच. काही गोळ्या ठोके दाबून ठेवतात, मग झोनचे आकडे तुम्हाला लागूच होत नाहीत.

छातीचा पट्टा घेतलात तर आतले दोन काळे चौकोन पाण्याने ओले करून मगच बांधा, नाहीतर घाम सुटेपर्यंत तोही वेडेवाकडे आकडे दाखवेल. परत आल्यावर पुढची सेन्सरची डबी पट्ट्यापासून सोडवून ठेवा, ओल्या पट्ट्याला जोडलेली राहिली तर ती चालूच राहते आणि सेल संपवते. पट्टा साध्या पाण्याने खळबळून पंख्याखाली टाका. पावसाळ्यात तो वाळता वाळत नाही आणि घरचे तोंड फिरवतात, म्हणून जमलं तर एक जादा कापडी पट्टा आणून ठेवा, डबी तीच चालते. घड्याळाला ब्लूटूथने तो एकदा जोडला की बहुतेक घड्याळं मनगटावरचा सेन्सर आपोआप बाजूला ठेवतात. तरी पहिल्या रनला सेटिंगमध्ये जाऊन आकडा कुठून येतोय ते एकदा बघा.