शस्त्रं विकावीत, पण कोणाला? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : “आम्ही नाही विकली तर दुसरा कोणी विकेलच,” असं शस्त्र विकणारे देश सांगतात. यात तथ्य किती?

रायफली आणि काडतुसांपुरतं थोडंफार आहे. ती बनवणारे देश पुष्कळ आहेत. लढाऊ विमानांचं तसं नाही. विमान घेणारा देश पुढची तीस-चाळीस वर्षं सुटे भाग, इंजिनाची दुरुस्ती, क्षेपणास्त्रं, सॉफ्टवेअर आणि तंत्रज्ञ यांसाठी विकणाऱ्यावर अवलंबून राहतो. पुरवठादार बदलायचा तर अख्खा ताफा बदलावा लागतो, वैमानिक नव्याने तयार करावे लागतात. त्यात बरीच वर्षं जातात आणि तेवढ्या काळात कितीतरी हल्ले टळू शकतात.

दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीवर सुरक्षा परिषदेने 1977 मध्ये ठराव क्र. 418 करून सक्तीची शस्त्रबंदी घातली. त्या राजवटीने तोफा आणि चिलखती गाड्या स्वतः बनवल्या, हे खरं. पण नवी लढाऊ विमानं मिळेनात, म्हणून जुन्या मिराज विमानांतच बदल करून ‘चीता’ नावाची विमानं उभी करावी लागली. बंदीने राजवट एका रात्रीत कोसळत नसते, पण तिची ताकद नक्की घटते. “दुसरा विकेल” हा युक्तिवाद आम्हाला म्हणूनच पटत नाही. शिवाय दुसरा अन्याय करणार आहे, एवढ्याने तो आपण करण्याचा परवाना मिळत नाही.

प्रश्न : निर्यातीचा परवाना देताना मानवी हक्क खरोखर तपासले जातात का?

नियमात आहे. शस्त्रास्त्र व्यापार करार हा आंतरराष्ट्रीय करार 24 डिसेंबर 2014 पासून लागू आहे. त्याच्या कलम 6 नुसार, ही शस्त्रं वंशसंहारासाठी किंवा मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वापरली जातील हे ठाऊक असेल तर विक्री करताच येत नाही. त्याखालच्या पातळीवरचा धोका कलम 7 प्रमाणे तोलायचा असतो. खरी अडचण याच तोलण्यात आहे : धोका किती असला म्हणजे नकार द्यायचा, हे ज्याने त्याने ठरवायचं.

ब्रिटनचं उदाहरण बघा. येमेनमध्ये सौदी आघाडीने केलेल्या हवाई हल्ल्यांत आंतरराष्ट्रीय कायदा मोडला गेला होता का, याचा निष्कर्षच न काढता सरकार परवाने देत होतं. अपील न्यायालयाने जून 2019 मध्ये ही पद्धत बेकायदा ठरवली. सरकारने फेरतपासणी केली, संभाव्य उल्लंघनं सुटी-सुटी आहेत, त्यांत एकसूत्रता दिसत नाही असं म्हटलं आणि जुलै 2020 मध्ये परवाने पुन्हा सुरू केले. पुढे 2023 मध्ये उच्च न्यायालयाने या दुसऱ्या निर्णयाविरुद्धचं आव्हान फेटाळलं. प्रत्येक हल्ला एकेकटा बघितला की कुठलाच पुरेसा गंभीर वाटत नाही. अशा तपासणीत सगळ्यात जास्त चुकतं ते इथे.

प्रश्न : अंतिम वापरकर्ता प्रमाणपत्रावर भरवसा ठेवावा का?

एकट्या कागदावर नाही. हे प्रमाणपत्र खरेदीदाराकडून घेतात. त्यात माल कोण वापरणार, किती, कशासाठी हे लिहिलेलं असतं आणि परवानगीशिवाय तो पुढे देणार नाही अशी हमी असते. मार्च 1999 मध्ये युक्रेनमधून 68 टन शस्त्रं बुर्किना फासोच्या प्रमाणपत्रावर त्या देशाच्या राजधानीत, वागाडुगूला उतरली आणि तिथून लायबेरियाला गेली. लायबेरियावर तेव्हा संयुक्त राष्ट्रांची शस्त्रबंदी होती. कागद होता, माल सांगितलेल्या जागी उतरलाही होता; मात्र उतरल्यानंतर तो कुठे जातो हे कोणी पाहिलं नाही.

आणखी एक उणीव कमी बोलली जाते. ही हमी बहुधा माल दुसऱ्याला न देण्याबद्दल असते, स्वतःच्याच नागरिकांवर न वापरण्याबद्दल क्वचितच. दडपशाही करणारं सरकार तिचं अक्षरशः पालन करूनही मोर्चावर गोळ्या झाडू शकतं.

प्रश्न : अश्रुधूर तर जीवघेणा नाही. मग त्याच्या विक्रीला हरकत का?

नळकांडं थेट डोक्यावर मारलं किंवा बंद खोलीत फोडलं तर माणूस मरतो. रासायनिक अस्त्र करार अश्रुधूर युद्धात वापरू देत नाही, पोलिसी कामासाठी मात्र देतो. त्यामुळे विक्रीची वाट मोकळी राहते. तरी ती अडवता येते. बहरीनमध्ये आंदोलकांवर होणारा वापर पाहून दक्षिण कोरियाने जानेवारी 2014 मध्ये तिकडची निर्यात थांबवली.

प्रश्न : मी सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत निर्यातीचं काम पाहतो. आमचा माल शस्त्र नाही. तरी काय तपासावं?

शस्त्र नाही म्हणून सुटका होत नाही. म्यानमारमधल्या 2021 च्या लष्करी उठावानंतर तिथल्या लष्कराकडे किमान 1 अब्ज डॉलर्सची शस्त्रं आणि संबंधित माल गेला, असं तिथल्या मानवी हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकाने 2023 मध्ये नोंदवलं. त्यात सुटे भाग आणि कच्चा मालही होता.

आधी देश नव्हे, तुकडी विचारा : माल कोणत्या दलाच्या कोणत्या तुकडीकडे जाणार? मानवी हक्कांचं गंभीर उल्लंघन करणाऱ्या तुकडीला मदत नाकारणारा अमेरिकेचा लीही कायदा लष्करी मदत देताना हेच बघतो, जरी थेट व्यापारी विक्रीला तो लागू नाही. मग मागणीचं प्रमाण त्या तुकडीच्या आकाराशी ताडून पहा. दोनशे गाड्यांच्या दलाने दोन हजार गाड्यांचे भाग मागितले तर उरलेले कुठे जाणार? मध्यस्थ कंपनी असेल तर तिची मालकी, नोंदणीची तारीख आणि पूर्वीचा व्यवसाय बघा. प्रमाणपत्र खरं आहे का, हे त्यावर छापलेल्या नंबरवर फोन करून नव्हे, तर त्या देशाच्या दूतावासाकडे स्वतंत्रपणे विचारून घ्या.

सगळा माल एकदम पाठवू नका. हप्ते पाडा आणि प्रत्येक हप्त्याआधी पोहोच व वापर तपासण्याचा, गैरवापर दिसला तर दंडाशिवाय पुरवठा थांबवण्याचा हक्क करारात लिहून घ्या. हे कलम सही करण्याआधीच घालायला हवं. पहिला हप्ता गेल्यावर खरेदीदार ते मान्य करत नाही. आणि तुमची हरकत वरिष्ठांना तोंडी सांगून थांबू नका, तारखेसह लेखी द्या.